काळ्या फिती लावू द्या, पण बोर्डावर 'फाशी द्या' लिहायच्या आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वडिलांनी विचारलंय, मुलगी 17 वर्षांची, इथं नागपुरात कबड्डी खेळते, जिल्ह्याच्या सिलेक्शनपर्यंत पोचलीये. तिने आणि टीममधल्या मुलींनी ठरवलंय की येत्या मॅचला काळ्या फिती लावायच्या आणि नंतर संविधान चौकात 'महिला खेळाडूंना छळणाऱ्यांना फाशी द्या' असे बोर्ड घेऊन उभं राहायचं. कोच म्हणाले, खेळात राजकारण आणलं तर नाव कापीन. आता वडील विचारतात, पोरीला थांबवू का, आणि फाशीसारखे कडक कायदे झाले तर खरंच काही फरक पडतो का.

दादा, मी वकील आहे, जिल्हा कोर्टात 22 वर्षं झाली. त्याआधी युनिव्हर्सिटीकडून कबड्डी खेळले, लेफ्ट कॉर्नर. आता काही संस्थांच्या अंतर्गत तक्रार समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते, त्यात खेळाच्या संस्था पण आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, पोरीला थांबवू नका. दुसऱ्याला वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

आधी ते 'खेळात राजकारण नको' बघू. हे वाक्य मी स्वतः खेळत होते तेव्हापासून ऐकतेय आणि ते नेहमी ज्याच्या हातात सिलेक्शनची यादी असते तोच म्हणतो. कोचच्या हातात काय काय असतं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. टीममध्ये नाव त्याच्या शब्दावर येतं. सर्टिफिकेटवर सही-शिक्का संघटनेचा. त्या सर्टिफिकेटवर दहावी-बारावीचे वाढीव मार्क, आणि पुढे सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण. विदर्भातल्या किती घरांत एका पोरीच्या त्या एका कागदावर आख्ख्या घराची नोकरीची आशा टांगलेली असते, मी बघितलंय. बाहेरगावी टूर्नामेंटला गेलं की रूम कोणाबरोबर, रिझर्वेशन कोणतं, जेवणाचे पैसे कधी, सगळं मॅनेजर ठरवतो. एवढी सत्ता एका माणसाकडे असताना तिथं राजकारण नाही म्हणायचं तर मग राजकारण म्हणायचं कशाला? पोरींनी ते आणलेलं नाही, ते तिथं आधीपासून होतं, पोरी आता फक्त त्याबद्दल बोलून राहिल्यात.

कुस्तीचंच घ्या. 18 जानेवारी 2023 ला विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. लैंगिक छळाचे आरोप होते कुस्ती महासंघाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर, तेव्हा ते सत्ताधारी पक्षाचे खासदार. सरकारने मेरी कोमच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पैलवान उठले, तीन महिने वाट बघितली, 23 एप्रिलला परत येऊन बसले. आणि एफआयआर कधी झाला तर सुप्रीम कोर्टात गेल्यावर, 28 एप्रिलला. ऑलिंपिक मेडल घरात असलेल्या बाईला एक एफआयआर लिहून घ्यायला सुप्रीम कोर्ट लागलं, हे डोक्यात ठेवा, कारण माझं पुढचं सगळं बोलणं यावरच आहे. 28 मे ला नव्या संसदेकडे जाताना त्यांना रस्त्यावरून उचललं, 30 मे ला मेडल गंगेत सोडायला हरिद्वारला गेल्या, शेतकरी नेत्यांनी समजावून थांबवलं. 15 जूनला चार्जशीट. अल्पवयीन मुलीची जी पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची, केस होती त्यात पोलिसांनी केस बंद करायचा रिपोर्ट दिला, तो कोर्टाने मे 2025 मध्ये स्वीकारला. बाकी महिला पैलवानांच्या तक्रारींवर मे 2024 मध्ये आरोप निश्चित झाले. आरोप ब्रिजभूषण यांनी नाकारलेत आणि निकाल कोर्ट देईल, मी देणार नाही.

पण त्या पैलवान मागत काय होत्या ते आठवा. तक्रार लिहून घ्या, चौकशी होईपर्यंत त्या माणसाला खुर्चीवरून बाजूला करा, संघटना साफ करा. बस. आणि तेव्हा समोर काय आलं, तर महासंघात कायद्यात बसणारी अंतर्गत समितीच नव्हती. त्याच मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने एका निकालात लिहिलं की देशातल्या 30 राष्ट्रीय क्रीडा संघटनांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी अशी समिती नाही. समितीचा कायदा, म्हणजे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, 2013 चा आणि आपण 2023 मध्ये! दहा वर्षं कोणी विचारलंच नाही, पैलवान रस्त्यावर बसल्या तेव्हा कळलं. म्हणून म्हणते की खेळाडूंचं आंदोलन वाया जात नाही.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते, ते पण लपवून ठेवणार नाही. डिसेंबर 2023 मध्ये महासंघाची निवडणूक झाली, ब्रिजभूषण यांच्याच गटाचा माणूस निवडून आला, त्या दिवशी साक्षीने बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. विनेश पुढे काँग्रेसमध्ये गेली, जुलानाची आमदार झाली, मग लोक म्हणायला लागले बघा, पहिल्यापासून राजकारणच होतं. मला हे पटत नाही. तक्रार खरी की खोटी ते तक्रार करणारी नंतर कोणत्या पक्षात गेली यावरून ठरत नसतं, पुराव्यावरून ठरतं. कोर्टात मी रोज हेच सांगते.

दूर कशाला, आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बघा. 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकून आली तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. पण त्याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी 2024 मध्ये, नेदरलँड्सची टूर्नामेंट संपल्यावर तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं की माझ्या खेळापेक्षा लोक माझे कपडे, केस आणि बोलण्याची ढब बघतात. वय 18. तेव्हा पण काही लोक म्हणाले खेळावर लक्ष दे. ती बोलली पण आणि जिंकली पण.

आता कडक शिक्षेचं. इथं मला तुमच्या मुलीच्या बोर्डाबद्दल बोलायचंय, आणि रागावून नाही, तिचा राग मला पूर्ण समजतो.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक 19 वर्षांची खेळाडू आली, सोबत आई. पोरीच्या हातात एक कागद चौघडी केलेला. उघडला तर मॅचची स्कोअरशीट, आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनने सात-आठ ओळी. स्ट्रेचिंग घेताना सर कुठं हात लावतात, रात्री काय मेसेज करतात, नाही म्हटल्यावर बेंचवर कसं बसवलं. ओळींची शाई एका कोपऱ्यात पसरलेली, तिने ते मॅच संपल्यावर तिथंच मैदानावर बसून लिहिलं होतं, हात ओले होते म्हणाली. तो कागद तिने टीम मॅनेजरला दिला, मॅनेजर बाईच होत्या, आणि त्यांनी तो रेल्वे कन्सेशनच्या फॉर्मच्या फाइलमध्ये ठेवून दिला. बघू, म्हणाल्या. पाच महिने तो तिथंच. शेवटी त्या बाईंची बदली झाली आणि फाइल देताना त्यांनी तो कागद पोरीला परत केला.

संस्थेत समिती होती का? ऑफिसच्या भिंतीवर एक तक्रारपेटी होती, कुलूप गंजलेलं, किल्ली कोणाकडे ते शिपायालाही माहीत नव्हतं. नोटीस बोर्डावर समितीची नावं नव्हती. कायद्याप्रमाणे समितीकडे तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते, योग्य कारण असलं तर अजून तीन महिने वाढवून मिळतात. आम्ही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे गेलो. उशीर का झाला ते त्या स्कोअरशीटनेच सांगितलं, पुढच्या बाजूला मॅचची तारीख होती, पंचांची सही होती, म्हणजे पोरीने त्याच दिवशी लिहिलं होतं आणि ते दाबलं दुसऱ्याने. समितीने उशीर माफ केला. चौकशी झाली, त्या कोचला काढलं. पण पोरीने तोवर खेळ सोडला होता. आज ती एका दुकानात हिशोब लिहिते.

आता मला सांगा, त्या दिवशी देशात फाशीचा कायदा असता तर मॅनेजर बाईंनी काय केलं असतं? कागद अजून खोल दाबला असता, 'अहो त्या माणसाचा जीव जाईल' म्हणून. मी हे अंदाजाने बोलत नाही. पोरीकडचे, क्लबकडचे, नातेवाईक, सगळे हेच बोलतात, त्याला लेकरं आहेत, तू का त्याचा संसार मोडतेस. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या बहुतांश केसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो. खेळात तर तो गुरू असतो, पोरीचे आईबाप त्याच्या पाया पडलेले असतात. शिक्षा जेवढी मोठी तेवढा तक्रार न करण्याचा दबाव मोठा, आणि पुरावा थोडा जरी डळमळीत असला तरी कोर्टाचा हात आखडतो. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये रिपोर्ट दिला, दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर, देश पेटलेला असताना, आणि तरी त्यांनी बलात्काराला फाशीची शिफारस केली नाही. त्यांनी भर कशावर दिला तर पोलीस, तपास आणि तक्रार नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा, यावर. ती शेवटची गोष्ट कायद्यात आली पण, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 मध्ये आहे, ठराविक गुन्ह्यांची खबर नोंदवली नाही तर अधिकाऱ्याला 6 महिने ते 2 वर्षं. किती लोकांना माहितीये?

आपल्या राज्याचं शक्ती विधेयक आठवतं ना, फाशीची तरतूद असलेलं? डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळात पास झालं, सगळ्या पक्षांनी हात वर केले, पेपरात मोठमोठे मथळे. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, कायदा झालाच नाही. आणि तेवढ्या काळात खेळाच्या किती संस्थांनी साधी समितीची नावं भिंतीवर लावली? फाशीची मागणी पुढाऱ्याला परवडते कारण तिला खर्च नाही. समितीला खर्च आहे, बाहेरची सदस्य आणावी लागते, कागद ठेवावे लागतात, आपल्याच माणसाला प्रश्न विचारावे लागतात.

रुचिका गिरहोत्राची केस तुमच्या मुलीला वाचायला द्या. 1990, हरयाणा, 14 वर्षांची टेनिस खेळाडू, आरोपी टेनिस संघटनेचाच प्रमुख आणि वर मोठा पोलीस अधिकारी. तक्रार काही दिवसांत दिली होती. एफआयआर झाला 1999 मध्ये. मधल्या काळात पोरगी गेली, 1993 मध्ये तिने जीव दिला. निकाल लागला डिसेंबर 2009 मध्ये, 6 महिने कैद आणि 1000 रुपये दंड. वरच्या कोर्टाने दीड वर्ष केली, 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोष कायम ठेवला आणि भोगलेली 6 महिन्यांची शिक्षा पुरेशी मानली. शिक्षा कमीच होती, मी पण म्हणते. पण त्या पोरीला कशाने मारलं? त्या तीन वर्षांनी, ज्यात कोणी लिहूनच घेतलं नाही.

आणि आपण नागपूरचे लोक, आपल्याला तर हे सगळ्यांत जास्त माहीत असायला पाहिजे. 13 ऑगस्ट 2004. मला सनद मिळून फार दिवस झाले नव्हते. आपल्याच जिल्हा कोर्टात, दिवसाढवळ्या, कस्तुरबा नगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादवला मारलं. वर्षानुवर्षं त्याने ती वस्ती छळली होती, बायका सांगायच्या की पोलिसात गेलं तर उलट त्यालाच खबर जाते. 2014 मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. तेव्हा बार रूममध्ये लोक म्हणायचे, बरं झालं. मी नाही म्हणू शकले, आजही नाही म्हणत, कोर्टात माणूस मारला गेला तर कोर्ट पण थोडं मरतं. पण त्या बायकांना मी दोष द्यायला गेले नाही, कारण ठाण्यात त्यांचं कोणी लिहून घेतलं असतं तर त्या तिखटाच्या पुड्या घेऊन कोर्टात आल्या नसत्या.

म्हणून दादा, पोरींना बोर्ड घेऊ द्या, मजकूर बदलायला सांगा. 'समितीची नावं लावा.' 'चौकशी होईपर्यंत कोच बाजूला.' 'मुलींच्या टीमबरोबर महिला मॅनेजर.' 'तक्रारीची पोच द्या.' असं लिहिलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, हो किंवा नाही. 'फाशी द्या' ला कोणी पण मान डोलावतो आणि घरी जातो.

आणि मुलींना हे पण सांगा की खेळाडूंचं आंदोलन म्हणजे नेहमी शिक्षा वाढवा असंच नसतं. अमेरिकेत माया मूर नावाची बास्केटबॉलपटू, चार वेळची चॅम्पियन. 2016 मध्ये तिच्या मिनेसोटाच्या टीमने पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्या कृष्णवर्णीयांसाठी टी-शर्ट घातले, त्यावर 'न्याय आणि जबाबदारी' लिहिलेलं, आणि डल्लासमध्ये मारल्या गेलेल्या पोलिसांची आठवण पण त्याच शर्टावर. तरी बंदोबस्ताला आलेले ड्युटीबाहेरचे पोलीस मैदान सोडून गेले. त्याच महिन्यात लीगने अशा टी-शर्टवरून दुसऱ्या टीमच्या पोरींना दंड लावला, आरडाओरडा झाल्यावर तो मागे घेतला. पुढे 2019 मध्ये मायाने ऐन भरातलं करिअर थांबवलं, कशासाठी तर 50 वर्षांची शिक्षा झालेल्या एका माणसाची केस लढायला, तिला खात्री होती की तो निर्दोष आहे. 2020 मध्ये कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, तो सुटला. एका बाजूला तक्रार न ऐकणारी यंत्रणा आणि दुसऱ्या बाजूला चुकीच्या माणसाला आत टाकणारी यंत्रणा, ही दोन दुखणी एकाच आळशी तपासातून येतात, आणि मी दोन्ही बाजूंनी वकीलपत्र घेतलेली बाई आहे म्हणून सांगते.

आता तुमच्या कामाचं. तुमची मुलगी 18 च्या आत आहे, तिच्या किंवा टीममधल्या कोणाच्या बाबतीत खरंच काही घडलं असेल तर आधी बोर्ड बाजूला ठेवा आणि पॉक्सो बघा. त्यात ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, संस्थेच्या प्रमुखाने दाबलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जबाब मुलीच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, आणि वर्दीत नाही. घटना बाहेरगावी टूर्नामेंटला झाली असली तरी एफआयआर नागपुरात देता येतो, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि त्याची प्रत फुकट मिळते, मागूनच घ्या. अशा वेळी मुलीचं नाव, फोटो, टीमचा फोटो काहीच व्हॉट्सअॅपवर टाकू नका, ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो बहुतेक वेळा आपलेच काका-मामा रागाच्या भरात करून बसतात.

2013 च्या कायद्यात स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची जागा हे सगळं 'कामाची जागा' म्हणून स्पष्ट लिहिलंय आणि तक्रार करणारी बाई कोणत्याही वयाची असू शकते, पगारी नोकर असायची गरज नाही. क्लबात दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. हे बहुतेकांना माहीतच नसतं, आमच्या क्लबात समिती नाही म्हणून गप्प बसतात. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आलाय, त्यात खेळाडूंच्या सुरक्षेचं धोरण आणि कार्यकारिणीत किमान चार महिला, असं आहे. कागदावर चांगलं आहे, जिल्ह्यापर्यंत झिरपायला कोणीतरी मागत राहावं लागेल, आणि मागणाऱ्या या पोरीच असणार.

कोचच्या धमकीचं काय? त्यांच्याशी भांडू नका. सगळ्या पालकांच्या सह्यांचं एक पानाचं पत्र संस्थेच्या सचिवांना द्या: आमच्या मुली शांतपणे फिती लावणार आहेत, खेळाच्या नियमात राहून, तुमच्या समितीची नावं आणि फोन नंबर कळवा, आणि सिलेक्शन ट्रायलचे निकष लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख, शिक्का. उद्या नाव कापलं तर तो कागद बोलेल. एकट्या तुमच्या सहीने देऊ नका, मी बघितलंय, एकटी पोरगी सापडली की तिलाच टीपतात, बारा पालक असले की सचिव खुर्ची देतात बसायला. संविधान चौकात उभं राहायचं तर आधी पोलिसांना लेखी कळवा, शहरात बऱ्याचदा जमावबंदीचे आदेश लागू असतात. बोर्डावर कोणत्याही माणसाचं नाव नको, ती बदनामीची केस होईल आणि खऱ्या तक्रारीला पण मार बसेल.

फितीबद्दल एक, मी खेळलेली आहे म्हणून. कबड्डीत पंच नखं बघतात, दंडाला तेल बघतात, अंगावर काही अडकेल असं चालू देत नाहीत. त्यामुळे पंचांना आधीच विचारून ठेवा, आणि नाही म्हणाले तर दोन्ही टीम लाइनमध्ये उभ्या राहतात तेव्हा फिती लावा, टॉसच्या आधी काढून घडी करून कॅप्टनच्या हातात द्या, तिने त्या मॅटच्या बाहेर स्कोअररच्या टेबलावर ठेवायच्या, मॅच संपेपर्यंत सगळ्यांना दिसतील अशा. कापड सुती घ्या, सॅटिन घामाने घसरतं. पत्राचा मसुदा मी करून देते, पालकांच्या सह्या तेवढ्या रविवारपर्यंत गोळा करा.